टिंगलिंग होतं का, आजी?

"आजी, पायाला टिंगलिंग होतं का?" डॉक्टरांनी विचारलं आणि आई एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नाही हो डॉक्टर. घरात कोणी नाही माझी टिंगल करत. सगळे चांगले आहेत."

मला हसू आवरेना. आधी ओढणी तोंडाला लावली, मग खोकल्याचं नाटक करून पाहिलं, शेवटी फसकन हसलेच. डॉक्टर तरुण, मूळचे केरळकडचे, पुण्यात येऊन मराठी शिकलेत आणि छान बोलतातही, पण टिंगल वगैरे शब्दांपर्यंत अजून पोचलेले नव्हते बहुतेक. त्यांनी त्या सगळ्यातलं 'नाही' तेवढं ऐकलं, समोरच्या छापील कागदावर नंबनेस, बर्निंग, टिंगलिंग, म्हणजे बधिरपणा, आग, मुंग्या, अशा ओळी होत्या त्यातल्या तिसरीपुढे 'नो'वर टिक केली आणि पुढे सरकले. झोप कशी लागते, रात्री किती वेळा उठावं लागतं, चष्मा कधी बदलला. आम्ही दर तीन महिन्यांच्या शुगरच्या तपासणीला गेलो होतो, बाहेर अजून चौदा माणसं बसलेली, आणि मी त्यांना थांबवून म्हणले नाही की अहो, तिला प्रश्नच कळला नाहीये. मी हसत होते ना.

रिक्षात बसल्यावर आईने विचारलं, "एवढं काय हसलीस?" मी सांगितलं. तीही हसली. घरी आल्यावर मी तो किस्सा दादाला फोनवर सांगितला, रात्री जेवताना नवऱ्याला आणि लेकीला सांगितला, दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये डबा खाताना सांगितला, आणि दर वेळी थोडा जास्त रंगवून सांगितला. चौथ्या वेळेला 'घरात कोणी नाही माझी टिंगल करत' हे वाक्य आईच्या आवाजात म्हणताना मीच मध्ये अडखळले. कारण ते वाक्य खोटं होतं. आणि मी ते वाक्य म्हणून दाखवून नेमकं काय करत होते?

टिंगलच.

आता जरा मागे जाते. आईला शुगर आहे त्याला चौदा वर्षं झाली. दीड-दोन वर्षांपासून ती अधूनमधून म्हणायची, पायाला मुंग्या येतात. दुपारी दिवाणावर बसून लसूण सोलताना, रात्री टीव्ही बघताना, मध्येच पाय झटकायची. आणि आमच्या घरातला ठरलेला जोक होता, कोणी पहिल्यांदा केला आठवत नाही, "आजीला शुगर आहे ना, म्हणून मुंग्या येतात!" पाहुण्यांसमोरसुद्धा झालाय हा जोक. आईसुद्धा हसायची, एकदा तर तिने स्वतःच केला. मग मागच्या गणपतीत ती तुळशीबागेतून आली ती एकाच पायात चप्पल घालून. उजव्या पायातली कुठे निसटली तिला कळलंच नव्हतं, लक्ष्मी रोडच्या त्या गर्दीत, ओल्या रस्त्यावरून, रिक्षास्टँडपर्यंत ती एक पाय अनवाणी चालत आली आणि दारात आल्यावर माझ्या लेकीने दाखवलं तेव्हा खाली बघितलं. दादा म्हणाला, "एक पादुका भरतासाठी ठेवून आलीस का गं?" आम्ही इतके हसलो, इतके हसलो की शेजारच्या काकू काय झालं बघायला आल्या. आईही हसत होती, पण खुर्चीत बसून तळपाय वर धरून, ओला मातकट तळपाय, त्यावरून अंगठा फिरवत होती, जसं एखादं भांडं कुठे पोचलंय का बघतात तसं. ते मी पाहिलं होतं. पाहून विसरले होते.

तर त्या रात्री, म्हणजे चौथ्यांदा किस्सा सांगून झाल्यावर, मी आईच्या खोलीत गेले आणि तिच्या पायाशी बसून म्हणलं, मला नीट सांग बरं काय काय होतं. तिला आधी वाटलं मी तेल चोळायला आलेय. मग सांगायला लागली, आणि मला तिथे बसल्या बसल्या आपण किती गरीब आहोत ते कळलं, म्हणजे शब्दांनी. ती म्हणाली, सकाळी उठल्यावर बधिर असतात, मोजे घालून झोपल्यासारखे. मोजे नसतात पण. दुपारी मुंग्या, त्या काही चावत नाहीत, नुसत्या इकडून तिकडे जातात. संध्याकाळी चालून आलं की हुळहुळं होतं, गोधडीचा काठ लागला तरी नको वाटतं. मधल्या बोटाशी चुणचुणतं, घामोळ्याला चुणचुणतं ना तसं. रात्री कधीतरी एक सणक येते, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत, आली की गेली. आणि फरशीवर चालताना फरशी लागतच नाही, कापसाच्या गादीवर चालल्यासारखं वाटतं. मी विचारलं, आग होते का? तर म्हणाली, "होते की. पण ती मस्तकात नाही जात, तळपायातच राहते." हा जोक होता. तिने तो सरळ चेहऱ्याने केला आणि मला कळायला दोन सेकंद लागले.

हे सगळं तिने पाच मिनिटांत सांगितलं, वाईजवळच्या गावात सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने, कुठेही न अडखळता. आणि त्या छापील कागदावर या सगळ्यासाठी तीन शब्द होते.

कागदाला नावं ठेवायची नाहीयेत मला. टिंगलिंग हा शब्द तसा गोड आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात काम सोडून मी त्याच्याच मागे लागले होते. इंग्रजीत हा शब्द टिंकल, म्हणजे छोट्या घंटेची किणकिण, त्याचा सख्खा भाऊ मानतात. आधी कानाला व्हायचं टिंगल, मग सगळ्या अंगाला व्हायला लागलं. १६११च्या इंग्रजी बायबलात देव म्हणतो की मी असं काही करीन की ऐकणाऱ्याचे दोन्ही कान टिंगल होतील. म्हणजे मुळात आवाज आहे तो. हे वाचलं आणि मला एकदम झिणझिण्या आठवल्या. आपला झिणझिण्याही आवाजच आहे की! कोपर दाराच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत जे जातं ते काही ऐकू येत नाही, तरी आपण त्याला तार छेडल्यासारखं नाव दिलंय. आणि कोणी काही भयंकर बोललं की डोक्यात झिणझिण्या येतात, ते तर त्या बायबलातल्या कानांसारखंच झालं. माझी ऑफिसातली बंगाली मैत्रीण म्हणाली, त्यांच्याकडे पायाला 'झिंझी' धरते. झिंझी म्हणजे रातकिडा. पाय अवघडला की त्यात रातकिडा शिरतो! मी तिला म्हणलं, आमच्याकडे मुंग्या शिरतात. फ्रेंच लोकांच्याही पायात मुंग्याच येतात, आणि डॉक्टरी भाषेत अंगावरून मुंग्या फिरल्यासारखं वाटण्याला जे भारदस्त नाव आहे, फॉर्मिकेशन, त्यातला फॉर्मिका म्हणजे लॅटिनमधली मुंगीच. एवढ्या लांबलांबच्या माणसांना आपापल्या पायात तोच प्राणी दिसला याची मला गंमत वाटली आणि बरंही वाटलं. इंग्रजी माणूस मात्र टाचण्या-सुया म्हणतो. त्याच्या पायात शिंप्याचं दुकान.

आमच्या घरी मुंग्या आल्या की आजी पायाच्या अंगठ्याला थुंकी लावायला सांगायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं. आम्ही लावायचो आणि मुंग्या जायच्या, त्या तशाही जाणारच असायच्या. मांडी घालून बसलं की शिरेवर, म्हणजे मज्जातंतूवर, दाब पडतो, मेंदूकडे जाणारी खबर अडकते, आणि पाय सोडला की शिरा एकदम वाट्टेल तशा बोलायला लागतात. शाळा सुटल्यावर पोरांचा गलका होतो तसं. तो गलका म्हणजे मुंग्या. पण पाय सोडून बसलेला असताना, काहीच दाबलेलं नसताना गलका होत असेल तर शाळेत काहीतरी गडबड आहे, हे मला कळायला हवं होतं.

टिंगलिंग या शब्दाचा खरा अर्थ मला सासरी कळला असं म्हणायला हरकत नाही. सासर कुडाळकडचं. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मी मासे खायला नुकतीच शिकत होते आणि सासूबाईंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळं घालून. तिरफळातली काळी बी काढून टाकतात, वरची सालं तेवढी घ्यायची, जरा ठेचून शेवटी शेवटी घालायची, आणि खाताना ती बाजूला काढून ठेवायची. हे शेवटचं मला कोणी सांगितलं नाही. मी एक अख्खं चावलं. तिखट नाही लागलं. झोंबलं नाही, चुरचुरलं नाही, भाजलं नाही. जिभेचं टोक आणि खालचा ओठ नुसता थरथरायला लागला, म्हणजे थरथरत नव्हता, मी आरशात जाऊन बघून आले, स्थिर होता. पण आतून कोणीतरी मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखं. सासूबाई हसून म्हणाल्या, "जरा कळ काढ. जाता आपसूक." हे तिरफळ आणि ते चायनीजवाले वापरतात ते सेचवान मिरं एकाच कुळातलं. आणि लंडनमध्ये २०१३ साली काही शास्त्रज्ञांनी मजेशीर प्रयोग केला, लोकांच्या ओठांना ते सेचवान मिरं लावलं आणि बोटाला एक थरथरणारं यंत्र, आणि विचारलं, ओठाला जेवढं थरथरतंय तेवढं बोटाला झालं की सांगा. उत्तर आलं सेकंदाला साधारण ५० थरथराटी. ५० हर्ट्झ! म्हणजे ते नुसतं वाटत नाही, त्याला एक सूर आहे. जाणीव चक्क मोजून घेतली त्यांनी, आणि ती निघाली घंटेसारखीच. ज्याने कोणी पहिल्यांदा टिंकलचं टिंगल केलं, ज्या कोणी बाईने पाय चोळत झिणझिण्या म्हणलं, त्यांच्याकडे ना यंत्र ना मिरं.

लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं टिंगल्स तर छान असतात. तिच्या पिढीला हा शब्द एएसएमआरच्या व्हिडिओंमधून आलाय, कोणीतरी माईकजवळ कुजबुजतं, साबणाची वडी कापतं, ब्रशने माईक झाडतं, आणि हिच्या मानेपासून पाठीवर टिंगल्स जातात. मी हेडफोन लावून एक व्हिडिओ पाहिला, मला नुसता राग आला. पण शिरशिरी कळते मला. न्हाव्याची कात्री मानेजवळ आली की मुलं खांदे वर करतात ती, किंवा आरती संपताना टाळ एकदम थांबतात तेव्हा येतो तो काटा. मराठीत सुखाचे आणि दुखण्याचे डबे वेगळे आहेत, शहारा, रोमांच, गुदगुल्या एकीकडे आणि चुणचुण, ठणका, सणक दुसरीकडे. इंग्रजीत टिंगल दोन्ही डब्यांत. शाम्पूच्या बाटलीवर टिंगल म्हणजे पैसे वसूल, आणि शुगरच्या फॉर्मवर टिंगल म्हणजे काळजी. (अर्थात खाज आपल्याकडेही दोन्हीकडे जाते. 'तुला कोणी सांगितली होती खाज?' हे काही त्वचारोगतज्ज्ञ विचारत नाहीत.)

खाजेवरून आठवलं, आपल्या खाजकुयलीला इंग्रजीत काउइच म्हणतात. काउ म्हणजे गाय आणि इच म्हणजे खाज, पण त्यात गायही नाही आणि खाजही नाही, हिंदीतल्या केवाँच-कवाँचचा तो गोऱ्या तोंडात झालेला चुरा आहे. त्यांना त्यात ओळखीचं काहीतरी ऐकू आलं आणि तेच त्यांनी लिहून टाकलं. टिंगलिंगचं टिंगल झालं तेच, फक्त उलट्या बाजूने. फरक एवढाच की त्यांचं डिक्शनरीत गेलं आणि आईचं आमच्या जेवणाच्या टेबलावर.

आणि असं नाही की डॉक्टरांच्या जगात कोणाला शब्दांची पडलेली नाही. माँट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७५ साली दुखण्याची प्रश्नावलीच छापली. त्यात ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. किती दुखतं विचारायच्या ऐवजी कसं दुखतं विचारायचं. त्यातला एक गट आहे टिंगलिंग, इची, स्मार्टिंग, स्टिंगिंग. हे चारच शब्द मराठीत आणायला बसा म्हणजे कळेल. मी बसले होते एका रविवारी. मुंग्या येतात का झिणझिण्या? खाज का कंड? स्मार्टिंगला चुरचुर म्हणावं तर ती डोळ्यांची पण असते, चरचर म्हणावं तर ती जखमेवर आयोडीन लावल्यावरची. आणि हुळहुळं कुठे घालायचं? ते तर दुखतही नाही खरं, फक्त 'आता हात लावू नका' एवढंच म्हणतं. आईला बोलावलं मदतीला. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं बाईला बोलू द्या आधी," आणि भाजी निवडायला गेली.

पुढच्या तपासणीची तारीख तीन महिन्यांनी होती. मी थांबले नाही, पुढच्याच आठवड्यात नंबर लावला. या वेळी मी डॉक्टरांना सरळ सांगितलं की मागच्या वेळी टिंगलिंगला नाही म्हणालो ते चुकीचं होतं, दीड-दोन वर्षं होतंय, आणि चपलेची गोष्ट सांगितली. चपलेच्या गोष्टीवर ते हसले नाहीत. लिहायचं थांबले, पेन खाली ठेवलं. आईला कॉटवर झोपवलं, एक नायलॉनचा दोरा काढला, दहा ग्रॅमचा जोर पडला की वाकतो तो, आणि डोळे मिटायला सांगून तळपायावर इथे तिथे टेकवत राहिले. लागला की हो म्हणायचं. टाचेला हो. चवड्याला बऱ्याच वेळाने हो. अंगठ्याला टेकवला, दोरा वाकलेला मला दिसत होता, आई शांत. मग त्यांनी ट्यूनिंग फोर्क काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसाच, १२८ हर्ट्झचा. तळहाताच्या कडेवर आपटला आणि त्याचा दांडा आईच्या उजव्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला. खोली शांत होती, मला तिथे उभं राहून त्याची अगदी बारीक गूं ऐकू येत होती. "आजी, काय वाटतंय?"

"गार लोखंड ठेवलंय," आई म्हणाली.

"अजून काही?"

"नाही. लोखंडच."

तेव्हा मात्र माझ्या खरंच झिणझिण्या आल्या डोक्यात.

मग तपासण्या झाल्या. बी-ट्वेल्व्ह १४२ निघालं, फारच कमी. आई शाकाहारी, त्यात इतकी वर्षं शुगरची ती मेटफॉर्मिनची गोळी, ती बरीच वर्षं घेतली की बी-ट्वेल्व्ह नीट शोषलं जात नाही म्हणे. आणि चौदा वर्षांच्या शुगरने शिरांना जे करायचं ते केलंच होतं. डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून समजावलं, कमरेपाशी जी पेशी बसलेली असते तिचाच एक धागा पार अंगठ्यापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर लांब, आणि शुगर सगळ्यात आधी हे लांबलचक धागेच खाते, म्हणून पायाच्या बोटांपासून सुरू होतं. मी ती रेघ बघत होते आणि डोक्यात आमचा जोक फिरत होता. आजीला शुगर आहे ना, म्हणून मुंग्या येतात. शब्दन् शब्द बरोबर होता. दोन वर्षं आम्ही पाहुण्यांसमोर निदान सांगत होतो आणि हसत होतो.

लाल रंगाची इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. शुगरची गोळी बदलली. घरात मऊ चपला, रोज रात्री पाय उलटे करून बघायचे, कुठे लागलंय का, कापलंय का, कारण तिला ते कळणार नाही. हे काम लेकीने घेतलंय. ती मोबाईलचा टॉर्च लावून आजीचे तळपाय तपासते आणि आजी तिला सांगत बसते की आज हुळहुळं कमी आहे, सणक दोनदा आली. लेकीने त्याची मोबाईलमध्ये नोट केलीय, तारीख टाकून. परवा मी उघडून पाहिली. एका दिवसापुढे लिहिलं होतं 'चुणचुण नाही पण तिच्या मावशीसारखं काहीतरी'. म्हणजे काय ते दोघींनाच माहीत.

मुंग्यांचा जोक आता कोणी करत नाही. आईला ते आवडलेलं नाहीये बहुतेक. एकदा सगळे जेवत असताना तिने पाय झटकला आणि कोणीच काही बोललं नाही, सगळ्यांनी एकदम ताटात बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "मेले नाहीये मी अजून. बोला की काहीतरी." दादाने घाबरत घाबरत पादुका काढल्या आणि मग जरा जेवण पुढे सरकलं.

मागच्या महिन्यात परत गेलो होतो. तोच कॉट, तोच दोरा. डॉक्टरांनी फोर्क आपटला आणि आधी डाव्या अंगठ्यावर ठेवला. आईने डोळे मिटले होते, मान थोडी कलती केली होती, म्हणजे पायाकडे कान लावल्यासारखी. बराच वेळ काही नाही. मग तिच्या कपाळावरची आठी हलली.

"वाजतंय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वाजतंय म्हणजे? मी तोंड उघडलं होतं, पण आईच डोळे न उघडता म्हणाली, "थांबा हो, बोलू नका. बारीक आहे फार." आम्ही दोघं गप्प. ते विरेपर्यंत ती तशीच पडून राहिली. मग त्यांनी परत आपटला आणि उजव्यावर ठेवला.

"इथे लोखंड," आई म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "डावीकडे परत ठेवा ना एकदा."